सेन्सरच्या नाकाला कुंकू

नायगाव, १ मे

मयूरदादा,

हे पत्र मी अकरा दिवस टाळलं. आधी कागद नव्हता, मग पेन चालेना, मग म्हटलं सुरुवात सुचत नाही. खरं म्हणजे घाबरत होते. अजूनही घाबरतेय. पण आज महाराष्ट्र दिन, चाळीच्या पटांगणात सकाळपासून लाउडस्पीकर कोकलतोय, घाबरायलासुद्धा जरा शांतता लागते ती नाही. म्हणून बसले लिहायला.

फोनवर तू मला दोन वर्षांपूर्वी ब्लॉक केलंस. पोस्टमनला ब्लॉक करायचं बटण अजून निघालेलं नाही. पत्ता आईच्या ट्रंकेतल्या तुझ्या लग्नपत्रिकेवरून घेतला. मला ती आली नव्हती, पण बघितली. मेघना नाव छान आहे.

मुद्द्यावर येते. आई म्हणाली, बाबांची शाळेच्या मुलांची व्हॅन तू भंगारात दिलीस. पंचवीस तारखेला, रविवारी सकाळी दहाला माणूस येऊन ओढून नेणार. चाळीच्या पुनर्विकासासाठी पुढच्या महिन्यात पटांगणाला पत्र्याचं कुंपण लागणार, चाळ रिकामी करायची, गाडी ठेवायला जागा नाही, आणि गॅरेजवाल्याने सांगितलं की इंजिन गेलं. सगळं कसं बरोबर बसवलंयस. फक्त एक राहिलं. इंजिन गेलेलं नाही.

गाडी भंगार नाही आणि मी ती देणार नाही. वाच परत.

आता तू म्हणशील, ही कोण सांगणार? बारावीला दोनदा बसलेली, कॉलेज सव्वा वर्ष, मग हंपी, गोकर्ण, मनाली, काझा. बरोबर आहे. पण काझाला मी चार महिने एका मेकॅनिककडे जीपखाली झोपून काढलेत. (तिथे रेंज नव्हती, ते तुला तेव्हाच सांगितलंय. परत उगाळत नाही.)

काल ताडपत्री काढली. ड्रायव्हरच्या सीटखाली मांजर व्यायलीय, तीन पिल्लं, एक तर अगदी आपल्या शाळेतल्या परब बाईंसारखं बघतं. त्यांना खोक्यात हलवण्यात दुपार गेली. ते जाऊ दे. बॅटरी चार्ज करून आणली, चावी फिरवली. दोनदा खोकली, तिसऱ्यांदा लागली. मागून काळाकुट्ट धूर, पेट्रोलचा वास, आणि मीटरवर इंजिनचा पिवळा दिवा.

इंजिन गेलं असतं तर ऑइल जळून निळा धूर आला असता. काळा म्हणजे पेट्रोल जास्त पडतंय. माझ्याकडे काडेपेटीएवढा स्कॅनर आहे, स्टिअरिंगखाली खोचला की फोनवर आकडे दिसतात. सायलेन्सरच्या पाइपाच्या इंजिनकडच्या तोंडाशी बोटाएवढा ऑक्सिजन सेन्सर असतो, तुला मी काय सांगू, तू चाकणला दिवसभर पार्टच तपासतोस. तो धूर हुंगतो आणि इंजिनच्या कॉम्प्युटरला सांगतो, पेट्रोल जास्त की कमी. धडधाकट सेन्सरचा आकडा झोपाळ्यासारखा खालीवर होतो. आपला खालीच बसून. धूर काळा, प्लग काजळीने माखलेला, आणि हा शहाणा सांगतोय ‘पेट्रोल कमी, पेट्रोल कमी’. कॉम्प्युटर बिचारा ओततोय.

एक सेन्सर खोटं बोलतो म्हणून तुम्ही अख्खी गाडी तोडायला काढलीत.

बाबांनी नऊ वर्षं ही गाडी चालवली. शेवटच्या दिवशी डिलाईल रोडचं शेवटचं पोर उतरवलं, गाडी इथे आणून लावली, हँडब्रेक ओढला, आणि मग छातीला हात लावला. आधी हँडब्रेक, दादा.

पूर्वी


८ मे

दादा,

तुझं उत्तर नाही. मी धरलंही नव्हतं.

वैशालीताई आठवते? डिलाईल रोडची, जिची मुलगी बाबांच्या मांडीवर बसून स्टिअरिंग धरायची. ती आता तिकडच्या पालकांची पुढारी आहे. तिला जाऊन भेटले. म्हटलं, गाडी मी चालवणार. लायसन्स आहे, बॅजचा अर्ज टाकलाय. तिने चहात बिस्किट बुडवलं, तुकडा आत पडला, तो चमच्याने काढला. मग म्हणाली, “गुणाजीकाकांची पोरगी म्हणून गाडी बघेन. पण काळा धूर दिसला तर माझीच पोरगी बसवणार नाही. एक जूनला पीयूसी आणि आरसी बुक दाखव, अकरा मुलं तुझी.”

म्हणजे मला चार गोष्टी लागतात. सेन्सर, पीयूसी, तू भंगारवाल्याला ‘येऊ नको’ म्हणून केलेला फोन, आणि तुझ्या कपाटातलं आरसी बुक. पहिल्या दोन मी बघते.

सेन्सर घ्यायला ऑपेरा हाउसच्या स्पेअर पार्टच्या गल्लीत गेले. शेठ चष्म्यावरून बघत म्हणाला, “बेटा, मेकॅनिक को भेजो.”

“मेकॅनिक मीच.”

“तो फिर मालिक को भेजो.”

“मालकीण पण मीच.” (इथे थोडं खोटं बोलले. मालक तू आहेस.)

त्याने डबी काढली, पण हातात देण्याआधी बजावलं, “आगे का नाक छूना मत. तेल, ग्रीस, उंगली, कुछ नहीं.” मला माहीत होतं, तरी मान डोलावली. माझा तंबू विकून घेतलाय तो. तंबूचं वाईट वाटलं, पण नायगावात कुठे लावणार होते?

तिथून सरळ घरी यायचं सोडून मी गिरगावात शिरले. एका बोळात कोणीतरी बाल्कनीत बसून बुलबुलतरंग वाजवत होतं, ते ऐकत उभी राहिले, मग कोकम सरबत प्यायले, मग चौपाटीला गेले. भरतीच्या लाटा बघताना आठवलं, डबी सरबतवाल्याच्या बाकावर. अशी धावले म्हणून सांगू. डबी होती. त्याने तिच्यावर ग्लास उपडा घालून ठेवला होता, कोणाला दिसू नये म्हणून. तू असतास तर म्हणाला असतास, हिच्या हातात पोरं द्यायची? मीही धावताना तेच म्हणत होते. म्हणून त्या दिवसापासून डबी गळ्यात बांधली, झोपतानासुद्धा.

काल जुना सेन्सर काढला. गंजून पाइपाला असा चिकटलेला, जणू तिथेच जन्मला. इंजिन गरम केलं, बॅटरीची तार सोडली, गंजाचा स्प्रे मारला, तासभर थांबले. मग बावीसचा पाना. हलेना. खालच्या मजल्यावरचे अण्णा, बस डेपोतले रिटायर फिटर, स्टूल घेऊन शेजारी बसले.

“आमच्या टायमाक असलां काय नव्हतां गो,” अण्णा म्हणाले. “कार्बोरेटर होतो. नाकान वास घेतलो की कळायचां.”

“अण्णा, हे तेच नाक आहे. फक्त गाडीचं.”

“मगे सर्दी झाली म्हणान नाक कापतंस?”

“नवीन लावतेय.”

“तुझो बापूस असतो तर आधी दोन शिव्ये घातल्यान असत्यान. त्येच्याशिवाय नट सुटना नाय.”

मी शिव्या घातल्या. बाबांच्याच. वरच्या गॅलरीत सुनंदामावशीने खिडकी लावून घेतली. तरी नाही. मग अण्णांनी संडासाच्या जुन्या नळाचा दोन फुटी पाइप आणून पान्याच्या दांड्यावर चढवला. मी गाडीखाली पाठीवर, दोन्ही पाय चाकाला लावून, ओढला. टक्. एवढासा आवाज. मनगटाला चटका बसलाय आणि दोन बोटांची सालटी गेलीत, पण जुना सेन्सर माझ्या तळहातावर होता, काळा, वाळलेल्या लवंगेसारखा.

आज घाई केली नाही. नवीन सकाळी बसवणार. डबी देवासमोर ठेवलीय, आई म्हणाली, रात्रभर तिथे राहू दे.

पूर्वी


१३ मे

दादा,

काय झालं ते आधी सांगते, मग तू हस.

शुक्रवारी सकाळी गाडीखाली पडल्या पडल्या, अंधारातच टोपण काढून सेन्सर बसवला. आटे हाताने फिरवून, मग पान्याने, कनेक्टर टकन लावला. स्कॅनरने पिवळा दिवा घालवला, गाडी चालू केली. धूर कमी. मी अण्णांना मिठीच मारली. गाडी शीव कोळीवाड्यापर्यंत नेऊन आणली, येताना आईला बोंबील घेतले. गाडी लावली तशी अण्णा वाकून हुंगायला लागले.

“गो पूर्वी, ह्यो सुगंध कसलो येता?”

खरंच येत होता. गाडीखालून देवळासारखा वास. तेल आणि काहीतरी जळाल्याचा. आणि मीटरवर पिवळा दिवा परत.

सेन्सर काढला. त्याच्या नाकाला बारीक चिरा असतात, धूर आत जायला. त्या चिरांत लालसर काळा थर भाजून बसला होता. मी डबी आणि सेन्सर घेऊन वर गेले. आई बोंबील साफ करत होती.

“आई, ह्याला काय लावलंस?”

“कशाला?”

“हे टोपण काढून आत काय लावलंस?”

ती मान वर न करता म्हणाली, “घरात नवीन वस्तू आली. हळद-कुंकू नको लावायला? बोटभर खोबरेल लावलं आधी, नाहीतर कुंकू बसत नाही. आणि तोंडालाच लावतात, पाठीला नाही लावत कोणी.”

दादा, बरोबर आहे तिचं. बाबांनी गाडी आणली तेव्हा हिनेच ओवाळली, आपल्या नव्या दप्तरांनासुद्धा तिने कुंकू लावलं होतं. चूक माझी. गळ्यातली डबी काढून देवासमोर ठेवली आणि उघडू नकोस हे सांगितलं नाही. पण हे मला आज कळतंय. तेव्हा मी ओरडले. म्हटलं, तंबू विकला होता मी. म्हटलं, तुला काही कळत नाही, सगळं वाटोळं केलंस, आता गाडी जाणार.

आईने विळी बाजूला केली, हात धुतले आणि म्हणाली, “मी कुंकू लावलं. निदान मी इथे होते.”

बस. एवढंच. परत बोंबील घेतले.

चार दिवस झाले, ते वाक्य मनातून जात नाहीय. म्हणून आता लिहून टाकते, नाहीतर हे पत्रही फाडेन. पहिल्या पत्रात मी कंसात एक लिहिलं होतं. रेंज नव्हती म्हणून. रेंज होती.

बाबा गेले त्या संध्याकाळी मी काझाच्या गॅरेजमागे कॅरम खेळत होते. फोन बोर्डाच्या कडेला ठेवलेला. तुझा फोन आला तसा तो थरथरला आणि एक सोंगटी हलली, त्यावरून समोरच्याशी माझं भांडण झालं. आदल्या आठवड्यात तू म्हणाला होतास, घरी येणार असशील तरच बोल. मला वाटलं परत तेच ऐकवणार. फोन उलटा करून मांडीखाली घातला. चार वेळा वाजला. मला राणी घ्यायची होती. घेतली. जिंकले.

सकाळी आईचा मेसेज बघितला. मग निघायला गाड्या नव्हत्या, रस्ता बंद होता, ते सगळं खरं आहे. अकराव्या दिवशी पोचले तेही खरं. पण पहिला दिवस मी मांडीखाली घातला, तो तुला कोणी सांगितला नव्हता. तू खांदा दिलास, तू अग्नी दिलास, आणि बहीण कुठेय विचारणाऱ्या प्रत्येकाला ‘रेंज नाही’ हे माझंच खोटं तू सांगत बसलास.

माफ कर असं लिहीत नाही. माफ करायचं की नाही ते तुझं तू बघ. पण ह्याचा आणि गाडीचा संबंध लावू नकोस. मी वाईट आहे म्हणून गाडी वाईट होत नाही.

पूर्वी


२१ मे

दादा,

सेन्सर मिळाला. मी नाही आणला.

शनिवारी आई जेवण झाल्यावर नवी साडी नेसली आणि काही न सांगता बाहेर पडली. जळका सेन्सर पिशवीत. बसने एकटी ऑपेरा हाउसला गेली, डबीवरचं नाव दाखवत दुकान शोधलं. शेठसमोर पुडी सोडून म्हणाली, ह्याला कुंकू लावलं, आता काय करायचं? शेठने म्हणे आधी नोकराला बोलावलं, मग शेजारच्या दुकानदाराला, सगळे हसले. मग शेठने तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि नवीन काढून दिला.

पैसे कुठले विचारलं तर म्हणाली, “तुझ्या बापाने मला न विचारता गाडी घेतली. मी न सांगता पार्ट घेतला. झाली फिट्टंफाट.”

डबी दोन्ही हातांत धरून आली होती, दुधाचं पातेलं आणावं तशी. “उघडली नाही. तुझी शपथ.” मग डबी माझ्या हातात देत, “पण कुंकू लागल्याशिवाय गाडीत काही जाणार नाही. कुठे लावू ते तू सांग.”

मी बावीसचा पाना पुढे केला. तिने पान्याला तेल, हळद, कुंकू, अक्षता सगळं यथासांग लावलं. मग मी तो दांडा पुसला, डोकं तेवढं राहू दिलं.

सोमवारी बसवला. अण्णांनी चावी फिरवू दिली नाही. म्हणाले, थांब, गाऱ्हाणं घालूक होया. टोपी घातली, नारळ घेतला, बॉनेट नाही म्हणून ड्रायव्हरच्या दारासमोर उभे राहिले. गॅलरीत सगळी चाळ.

“बा देवा म्हाराजा! आज ह्या गुणाजीच्या चेडवान जो काय नाकाचो पार्ट बसवलो हा...”

“व्हय म्हाराजा!” तिन्ही मजल्यांवरून.

“तेका खरां बोलाची बुद्धी दी रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“आणि जो कोण ही गाडी भंगारात घालूक बघता, तेच्या डोक्यातलो धूर भायर काढ रे म्हाराजा!”

सगळ्यात मोठा ‘व्हय म्हाराजा’ ह्याला झाला. सुनंदामावशीचा तर वेगळा ऐकू आला. तुला सांगायला हवं म्हणून सांगते.

गाडी पहिल्या चावीला लागली. आकडा वर गेला, खाली आला, वर गेला, खाली आला. मी फोन आईला दाखवला. तिला आकडे कळत नाहीत, पण ती बराच वेळ बघत होती. म्हणाली, “श्वास घेते गं.” तिथे मी जरा गाडीच्या मागे जाऊन आले.

मंगळवारी पीयूसी केलं. पास. कागदाची झेरॉक्स सोबत आहे, आकडे बघ, तुला कळतात. मांजरीचं ते परब बाईंसारखं पिल्लू अण्णांनी ठेवून घेतलं, हे उगाच.

आता माझं संपलं. रविवारी दहाला तुझा भंगारवाला येईल तेव्हा मी ड्रायव्हरच्या सीटवर बसलेली असेन. गाडी ओढायची तर मला धरून ओढावी लागेल. आरसी बुक पाठव. नसेल पाठवायचं तर स्वतः येऊन मला खाली उतरव.

पूर्वी


२५ मे, रविवार, सकाळचे साडेनऊ

दादा,

हे स्टिअरिंगवर कागद ठेवून लिहितेय, अक्षर लागलं नाही तर तसंच वाच. हँडब्रेक ओढलाय. आईने मागच्या सीटवर बसून लसूण सोलायला घेतलाय. दोन वर्षांत ती पहिल्यांदा ह्या गाडीत बसली, आणि निमित्त काय, तर घरात पंखा बंद पडलाय म्हणे. पंखा व्यवस्थित चालतोय. अण्णा गेटपाशी स्टुलावर, मांडीवर तो दोन फुटी पाइप. मी त्यांना म्हटलं, मारामारी नकोय. म्हणाले, “मारामारी कित्याक? नळ दुरुस्त करूक बसलंय.”

पावणेदहा. कोणी नाही.

दहा. गेटात टेम्पो आला. तो पाण्याचे कॅन टाकून गेला.

सव्वादहा. एक बाई गेटातून आल्या. माझ्यापेक्षा थोड्या मोठ्या, पाठीला सॅक, पायांत बूट, लांबून आल्यासारख्या. अण्णा उभे राहिले. त्या अण्णांना काहीतरी बोलल्या आणि अण्णांनी पाइप खाली ठेवला. आता सरळ गाडीकडे येतायत. थांब.

अकरा वाजले. कागद हाच, पण आता सावकाश लिहितेय.

खिडकीशी येऊन त्या म्हणाल्या, “पूर्वी ना? मी मेघना.”

आईकडच्या फोटोत केस मोकळे होते म्हणून ओळखलं नाही. आईचा लसूण सगळा खाली सांडला. वहिनी दार उघडून माझ्या बाजूला बसली आणि सॅकमधून चार पाकिटं काढून डॅशबोर्डवर ठेवली. माझी पत्रं. चारही नीट सुरीने कापलेली.

“तो फोडत नव्हता,” ती म्हणाली. “पहिली दोन फ्रिजवर पडून होती. तिसरं आलं तेव्हा म्हटलं, आता बास. तो जेवत होता, समोर बसून तिन्ही मोठ्याने वाचली. कुंकवाला हसला. कॅरमला ताट ठेवून उठला.”

“मग?”

“मग काही नाही. चार दिवस काही नाही. काल चौथं आलं. पीयूसीचा कागद स्वतः वाचला, दोनदा. भंगारवाल्याला फोन केला. मग हे कपाटातून काढून टेबलावर ठेवलं.”

आरसी बुक. प्लॅस्टिकच्या पिशवीत, रबर लावून. असं तूच बांधतोस.

मी विचारलं, स्वतः का नाही आला? वहिनीने आरसी बुक माझ्या मांडीवर ठेवलं. म्हणाली, “निरोप दिलाय. एकच. तसाच्या तसा सांग म्हणालाय.”

“सांग.”

“म्हणाला, तिला सांग, मी फोन चार वेळा नव्हता केला. सहा वेळा केला होता.”

आई मागे सांडलेला लसूण गोळा करत होती, तिचे हात थांबले.

सहा होते, दादा. मला माहीत होतं. लिहिताना पेन चारवर थांबलं आणि मी थांबू दिलं. पाचवा आला तेव्हा डाव संपलेला होता. सहावा आला तेव्हा मी फोन हातात घेऊन तुझं नाव वाचलं होतं.

हे पत्र पोस्टात टाकत नाही, वहिनीच्या हातात देते. ती म्हणतेय, आधी तुझ्या गाडीतून एक चक्कर मार, मग घेते. आईने पदराने सीट पुसलीय. चावी लावलीय. गाडी मी ठेवणार आहे. आणि तुला यायचं असेल तर ये, नसेल तर सातव्यांदा फोन कर. मी उचलते.

पूर्वी